टोकाला काही नको

ताईने धाकट्या भावाच्या हातातली गळाची काठी ओढूनच घेतली. रिळावरची नायलॉनची दोरी भसाभस सुटून होडीच्या तळाशी पडली होती. एक वेटोळं सोडवावं तर शेजारी दुसरं तयार!

"मासा ओढत होता तेव्हा रिळाची मूठ फिरवत होतास ना?"

"छे! मी कशाला फिरवीन?"

"खोटं बोलू नकोस. रीळ करकरत होतं ते ऐकलंय मी. तो ओढतो तेव्हा दोरी बाहेर जातच असते. त्या वेळी कितीही फिरवलंस तरी मासा तसूभर जवळ येत नाही, नुसता दोरीला पीळ बसतो. हजारदा सांगितलंय."

"म्हणजे तो पळणार आणि मी हातावर हात ठेवून बघत बसणार?"

"हो. त्याचा जोर ओसरला की मग फिरवायचं."

भावाने पाय होडीच्या फळीवर दाबला. लोकांना गाडी शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता, तोही आपल्या पायाखाली वेगळा ब्रेक असलेल्या गाडीत बसून. मनाविरुद्ध काही झालं की ब्रेक दाबावा तसा त्याचा पाय होडीतही फळीवर दाबला जायचा. ताईला एरवी याचं हसू यायचं. आज येईना.

त्याच्या लेकीने आपलं लग्न ठरवल्याचं सांगितलं, त्या दिवसापासून त्याने तिचं डोकं खाल्लं होतं. मुलगा कोण, कुठला, करतो काय, आणि मला आधी का नाही विचारलंस? शेवटी पोरीने फोन उचलणंच बंद केलं. आज सकाळी तिचा निरोप आला होता, दुपारी फोन करते म्हणून. तेव्हापासून हा काय काय सुनवायचं याची उजळणी करत होता. आज पुन्हा प्रश्नांची सरबत्ती झाली, तर पोरगी कायमची हातची जाईल. ताईला याचीच धास्ती होती. म्हणून तर आपलं गळ-दोऱ्यांचं दुकान बंद ठेवून ती त्याला तळ्यावर घेऊन आली होती.

तिने दोरीच्या टोकाचा गळ कापला, शिशाचं वजनही काढलं आणि मोटर अगदी हळू सुरू केली.

"आता टोकाला काही नको. सगळी दोरी मागे पाण्यात सोड. होडी चालली की पीळ आपोआप निघतो."

"आणि मी काय करू?"

"काठी धर."

"बस? एवढंच?"

"एवढंच जमू दे, बाबा!"

दोरी लांबवर गेली. पाण्यावर तिचं टोक स्वतःभोवती गरगरत होतं. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याचे दोन्ही हात काठीवर. ताईनेच फोन काढला, स्पीकर लावला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"बाबा?"

"बोल. आधी मला एक सांग..."

ताईने मोटरवरून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"नाही, काही नाही. तू बोल."

"मोटरचा आवाज येतोय. आत्याबरोबर मासे पकडताय?"

"मासे कसले! टोकाला गळच नाही."

"मग करताय काय?"

"दोरी सोडलीय. तुझी आत्या मला दुसरं काही करूच देत नाही."

पोरगी हसली. किती महिन्यांनी! ताईचे डोळे भरून आले. तिने पदराने नाक पुसलं.

"बाबा, रविवारी घरी येऊ?" मग आवाज बारीक झाला. "पण मी एकटी नाही येणार."

त्याचा पाय फळीवर दाबला गेला. हात रिळाच्या मुठीवर गेला, बोटं आवळली. मागे दोरी अजून फिरतच होती. त्याने त्या दोरीकडे पाहिलं. मग त्याने बोटं एकेक करून सोडली.

"या," तो म्हणाला. "दोघंही या. त्याला तळ्यावर आणू. होडीत तिघांचीच जागा आहे, पण आत्याला काठावर बसवू."

"होडी माझी आहे रे, मेल्या!" ताई फोनच्या दिशेने ओरडली, आणि मोटर आणखी थोडी हळू केली.