मिरगीच्या गोळीची झोप

नवरा पुंजाजी गेल्यापासून भातकुलीच्या गोदाबाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. अमरावतीच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि झोप आली. अशी आली, की दिवसाउजेडीही पाठ सोडेना. शेवंती खुडताना वाफे पाण्यासारखे हलायचे. पलीकडच्या बांधावर पुंजाजी उभे असायचे. बोलायचे नाहीत, नुसते हसायचे. ओटीत फुलं घेऊन ती त्यांच्याकडे चालत राहायची, बांध मात्र तेवढाच लांब.

एका सकाळी तो बांध जवळ आला. गोदाबाईनं हात पुढे केला आणि ती कोरड्या पाटात कोसळली. खुबा मोडला.

इस्पितळात कळलं, गोळी मिरगीची होती. झोपेसाठी तिला मंजुरीच नव्हती. सून गीतांजलीनं कंपनीला ग्राहक आयोगात खेचलं. ‘डॉक्टरांनी आपल्या मर्जीनं लिहिली,’ कंपनीनं हात झटकले. तेव्हा नोकरी सोडलेला त्यांचाच विक्री प्रतिनिधी शेखर साक्षीला उभा राहिला.

“साहेबांनीच शिकवलं होतं,” तो म्हणाला. “मिरगीचे पेशंट थोडे, बिनझोपीचे घरोघरी. डॉक्टरले झोपेसाठीच सांगा.”

मग कंपनीच्या वकिलानं गोदाबाईला मऊ आवाजात विचारलं, “आजी, झोप तर लागली ना?”

गीतांजली बाकावर पुढे सरकली.

“लागली न. लय गोड लागली. मालक दिसत होते मले.” वकील हसला. गोदाबाई थांबली नाही. “पन गोळी कायची हाय, तिनं काय होते, हे कोनं सांगितलं असतं, त मी तशी चालली नसती, बापा. मी त्याइच्याकडे गेली, अन् तिथं कोनीच नोतं.”

निकाल तिच्या बाजूनं लागला. मंजुरी नसलेल्या कामासाठी औषध खपवल्याचा ठपका आयोगानं कंपनीवर ठेवला, भरपाई द्यायला लावली. कंपनी अपिलात जाणार, हे त्याच दिवशी कळलं.

बाहेर कडुनिंबाखाली गीतांजली धुसफुसली, “आता अपिलात तेच काढतीन. गोड कावून म्हटलं, आत्याबाई?”

“गोड होती म्हनून.”

शेखर लांब उभा होता. गोदाबाईनं त्याला खुणेनं बोलावलं.

“कुठला तू?”

“तेल्हाऱ्याचा. आजी, डॉक्टरले ते मीच...”

“मालूम हाय. जेवला का?”

त्यानं नकारार्थी मान हलवली. तिनं डबा उघडला, भाकरीवर ठेचा ठेवून त्याच्या हातात दिला. उन्हात सारं आवार पेंगत होतं. तिघं जेवत राहिली.