आठव्या मिनिटाचं पाणी

माझ्या टेबलावरच्या पेल्यात पेनांच्या जोडीला एक थर्मामीटर उभा असतो. त्याच्या मते पाणी सत्याण्णव अंशांना उकळतं. उन्हाळा असो की थंडी, वाफ असो की बर्फ, तो तीन अंश कमी दाखवतो. साडेतीन नाही, अडीच नाही, तीनच. इतक्या नेमाने चुकणारं मला आयुष्यात दुसरं कोणी भेटलं नाही.

तो माझ्या पहिल्या शाळेतला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. त्या शाळेचा दहावीचा निकाल आधीची दोन वर्षं एकतीस आणि छत्तीस टक्के लागला होता. तिसऱ्यांदा चाळीसच्या खाली गेला तर वरचे वर्ग बंद, असं पत्र आलं होतं आणि ते ऑफिसच्या टेबलावर काचेखाली होतं. हेडसर रोज त्याच काचेवर डबा उघडून जेवत.

प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. खिडकीची एक काच फुटलेली, तिथे शिपाईमामांनी एक्स-रेची जुनी फिल्म चिकटवली होती. दुपारी तीनच्या तासाला ऊन आलं की कोणाच्या तरी बरगड्या पहिल्या बाकावर उमटत.

"माझ्याच आहेत," मामा सांगत. "उभी हयात शाळेला दिली, म्हटलं छाती तरी मागे का ठेवावी."

पहिल्याच आठवड्यात मी पाणी तापवण्याच्या प्रयोगाच्या एकतीस वह्या तपासायला घेतल्या. दर मिनिटाला तापमान लिहायचं, पाणी उकळेपर्यंत. सातवं मिनिट, बासष्ट. आठवं, शहाऐंशी. नववं, चौऱ्याहत्तर. म्हणजे आठव्या मिनिटाला पाण्याने उसळी मारली आणि नवव्याला ते गपकन थंड झालं. पहिल्या वहीला मला हसू आलं. एकतिसाव्या वहीपर्यंत ते पार विरलं होतं. शेवटच्या ओळीत मात्र सगळ्यांचे शंभर.

मामांनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वही काढली. "ही मूळ. बारा वर्षांपूर्वी पहिली आलेल्या मुलीची. तेव्हापासून सगळे हिच्यावरूनच उतरवतात."

त्या हुशार मुलीने अडुसष्टचे आकडे उलटे लिहिले होते, एवढंच. तेव्हापासून या शाळेतलं पाणी आठव्या मिनिटाला उसळ्या मारत होतं.

"परीक्षकांनी कधी विचारलं नाही?"

"ते शेवटची ओळ बघतात, बाई. शंभर दिसले की सही."

मी वह्या परत दिल्या आणि स्पिरिटचे दिवे बाहेर काढले. दिवे पाच, थर्मामीटरही पाच, एकाच खोक्यातून आलेले. एका दिव्याभोवती सहा-सहा मुलं, एका गटात सात. तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. वर्गात प्रश्न विचारणारी ती एकटीच, म्हणून सगळे तिला शंका म्हणत.

"बाई," ती म्हणाली, "त्या ताईने आठव्या मिनिटाला दोन दिवे लावले होते का?"

वर्ग हसला. मग पाणी उकळलं आणि हसणं थांबलं. पाचही ठिकाणी सत्याण्णव.

"पुस्तकात शंभर आहे," शंका म्हणाली. "मग खोटं कोण बोलतंय? पुस्तक, पाणी की ही काचेची कांडी?"

"उद्या बघू," मी म्हटलं. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून डबाभर बर्फ घेतला आणि शाळेपर्यंत जवळजवळ पळत आले. वितळत्या बर्फात पाचही थर्मामीटर शून्याच्या खाली तीनवर थांबले. मागच्या बाकावरून आरोळी आली, "अरे, हा लेकाचा सगळीकडेच तीन खातो!" त्या दिवसापासून थर्मामीटरचं नाव तीनखाऊ पडलं आणि वह्यांमध्ये तीन रकाने आले. दिसलं, चूक, खरं. सत्याण्णव, तीन, शंभर.

त्या हिवाळ्यातल्या दुपारी मला अजून तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. स्पिरिटचा गोडसर वास. "ए, वाकू नकोस, वेणी पेटेल!" बरगड्यांच्या सावलीत डोकं घालून पारा वाचणारी मुलं. पुढे मी चांगल्या प्रयोगशाळांमधून शिकवलं, तिथे काचा शाबूत होत्या. पण पारा वर चढताना श्वास धरणारा वर्ग पुन्हा फारसा दिसला नाही.

सहामाहीनंतर हेडसरांनी बोलावलं. गणिताला शिक्षक नव्हता म्हणून तीन वर्गांचं गणित तेच घेत. त्यांची उजवी बाही कायम खडूने पांढरी असे.

"प्रयोग करता, चांगलं वाटतं," ते म्हणाले. "पण परीक्षेला काय करणार?"

त्या शाळेची एक रीत होती. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी, परीक्षक वर्गात यायच्या आत, मूळ वहीतले आकडे फळ्यावर लिहायचे. मुलांनी ते उतरवून घ्यायचे. मग फळा पुसायचा.

"बाहेरचा माणूस असतो, घाईत असतो," हेडसर म्हणाले. "सत्याण्णव दिसले की काट मारेल. तुमचे तीन रकाने वाचायला थांबणार नाही. आणि आपली जी पास होतात, त्यातली निम्मी मुलं याच वीस मार्कांवर तरतात. ती बुडाली की शाळा बुडाली. तुम्हाला दुसरी नोकरी मिळेल, बाई. यांना दुसरी शाळा नाही."

"विचार करून सांगते, सर."

हे वाक्य मी पुढे दर सोमवारी म्हटलं. ते दारात उभे राहून विचारत, "ठरलं का?" आणि मी म्हणे, "सांगते."

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शंकाची आई आली. कपडे शिवायच्या कारखान्यातून थेट आलेली, ओढणीवर रंगीत दोऱ्यांचे तुकडे.

"हिची मोठी बहीण दोन मार्कांनी राहिली," ती म्हणाली. "आता माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. हात चांगला आहे तिचा, पण मला तिच्याकडे बघवत नाही. ही फार प्रश्न विचारते ना? विचारू देऊ नका, बाई. तेवढी पास करा."

मी तिला पाणी दिलं. दुसरं काही द्यायला माझ्याकडे नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी मामांनी फळा ओल्या फडक्याने पुसून ठेवला होता. टेबलावर मूळ वही उघडी, तिच्यावर नवा खडू. टेबलाखाली माझ्या पायाशी एक डबा होता. सकाळी येताना मी सरबतवाल्याच्या गाडीपाशी थांबले होते. कशासाठी, ते स्वतःला विचारलं नव्हतं.

हेडसर घाईघाईने आले. "परीक्षक आलेत. चहा देऊन दहा मिनिटं बसवतो. लिहायला घ्या, बाई. आणि निदान ते आठवं मिनिट तरी सुधारून लिहा."

मी खडू उचलला. एकतीस पेनांची टोपणं निघाली. मी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. शंका कागद सरळ करून, मान खाली घालून, आकड्यांची वाट बघत बसली होती. अडुसष्ट की शहाऐंशी, हेही तिने विचारलं नाही. सबंध वर्षात पहिल्यांदाच तिला काही विचारायचं नव्हतं.

डब्यातला बर्फ सरकल्याचा बारीक आवाज आला.

मी खडू खाली ठेवला, वही मिटून मामांच्या हातात दिली.

"बाई?" दारातून हेडसर म्हणाले. "ठरलं का?"

"हो, सर," मी म्हटलं, आणि मग मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "फळ्यावर आज काही लिहायचं नाही. मुलांनो, दिसेल तेच लिहा. परीक्षकांना बर्फ मी दाखवते."