चालू हालतीतली विठाबाई

ही गोष्ट दोन हजार बारा सालापासूनची. बदलापूरजवळच्या खेड्यातल्या विठाबाईचे सांधे आखडून पार लाकूड व्हायचे. सरकारी इस्पितळात सरकारच्याच पैशाने नव्या सुईची चाचणी निघाली, तेव्हा तिने तीन वर्षं दंड पुढे केला, नळ्या भरभरून रक्त दिलं. सांधे सुटले. बाई पुन्हा लावणीला उभी राहिली. मग चाचणी संपली, औषध अंबरनाथच्या एका कंपनीकडे गेलं आणि महिन्याच्या एका सुईला म्हशीची किंमत आली.

पूर्वी खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, ज्याचा ज्याचा हात लागला तो सूप घेऊन यायचा आणि वाटा न्यायचा. मागावं लागत नसे. विठाबाईने ते लहानपणी पाहिलेलं. तिने सूप उचललं आणि कंपनीच्या फाटकाशी जाऊन बसली.

"आजी, भीक मागायची तर स्टेशनवर जा ना," वॉचमन म्हणाला.

"भीक तुझी आत्या मागंल. रास आत पडलीय, वाटा न्यायला आलेय."

नवव्या दिवशी स्टोअरचा साहेब उन्मेष बाहेर आला. पोरगा सरळ होता.

"मावशी, फुकट द्यायला कॉम्प्युटरमध्ये रकानाच नाही. माल एक तर विकला, नाही तर फुटला, नाही तर तपासणीच्या यंत्राला लागला."

"मग मला यंत्रात घाल."

"यंत्राला सुई टोचत नाहीत, मावशी."

"मला टोचतात. लिही."

उन्मेषने लिहिलं : तपासणी यंत्र, विठा, नग एक. यंत्रांवर ठोकतात तो नंबराचा पत्रा तिने पदराला टाचला आणि दरमहा सुई सुरू झाली. वर्षाकाठी यंत्रांची देखभाल बघणारा माणूस वही घेऊन येई आणि विचारी, "तेलपाणी?" ती म्हणे, "डोक्याला रोज लावते."

चाचणीतच तिच्या शेजारच्या खाटेवर अंबरनाथ पूर्वेचे धर्मराज मास्तर असत. तिने त्यांनाही निरोप धाडला. मास्तर म्हणाले, "मी माणूस म्हणूनच मागीन." आणि अर्ज लिहायला बसले.

चार वर्षांनी कंपनीने जुनी यंत्रं मोडीत काढली. यादीत विठा होती. सुई बंद झाली, पंधरवड्यात बोटं वळेनाशी झाली. लिलावातला माल उल्हासनगर कॅम्प पाचच्या लछमनदास भंगारवाल्याने घेतला. कंपनीच्या फाटकाशी टेम्पो लावून तो यादी वाचू लागला. "भट्टी दो, काटा एक, विठा एक. विठा किधर है?"

"ही काय," म्हणत तिथेच बसलेली विठाबाई भिंतीला धरून उठली.

लछमनदास तिच्याभोवती दोनदा फिरला. "उन्मेष साईं, ये चलती क्यों नहीं?"

"सुई बंद केली ना यांनी," तीच म्हणाली.

त्याने पावती उन्मेषच्या नाकासमोर धरली. "इधर लिखा है, चालू हालत में. बंद माल मी घेणार नाय. पूरा लॉट वापस लो, पैसा वापस दो."

लॉट परत घ्यायलाही रकाना नव्हता. साहेब लोकांची तीन तास मीटिंग झाली. शेवटी ठरलं : गिऱ्हाईक माल उचलेपर्यंत यंत्र कंपनीच्या खर्चाने चालू ठेवावं.

"ठीक है," लछमनदास म्हणाला. "मी फुरसतीने उचलीन."

त्याला ती फुरसत अजून झालेली नाही. दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन येतो, तिला मूठ मिटून-उघडून दाखवायला लावतो आणि जातो. उन्मेष नोकरी सोडून बडोद्याला गेला. मास्तरांच्या अकरा अर्जांवर 'विचाराधीन' असं उत्तर आलं. बारावा त्यांना लिहिता आला नाही. ते आता अंथरुणावर आहेत. विठाबाई दर रविवारी जाते, भाकरी दुधात कुस्करते आणि त्यांना घास भरवते.