कॉलरचा कागद

शिंप्याच्या छातीतले ठोके अडखळले की मशीनचं पायडलही थांबायचं. काजं करता करता बायको मान वर करायची, पायडल पुन्हा फिरलं की खाली घालायची. म्हणून तर मांडीच्या शिरेतून नळी घालून डॉक्टरांनी हृदयाच्या आत डाग दिले, आणि ठोके ताळ्यावर आले. आतून इस्त्री फिरवून घेतली, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

घरी येताना दोन कागद मिळाले होते. गोळ्यांचा तिने भिंतीला लावला. दुसरा जाड, गुळगुळीत. तो त्याने न वाचताच कापड बेतायच्या टेबलावर ठेवला. नातीच्या फ्रॉकला गोल कॉलर हवी होती, आणि असा कागद वाया घालवणं त्याच्या हातांना ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात घास गिळताना तो डोळे मिटू लागला. लाड पुरे झाले, चिमणीसारखं काय खाताय, असा तिने टोमणा मारला. तो हसला, चहा निववून प्यायला. मग ताप चढला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घसा बघून औषध दिलं; हृदयाचं त्यांना कुणी सांगितलंच नाही. घशाचा न्‌ हृदयाचा काय संबंध! चौथ्या सकाळी कात्री हातातून गळली, ती त्याला उचलता आली नाही.

मोठ्या डॉक्टरांनी हळू आवाजात समजावलं. अन्ननलिका हृदयाच्या पाठीला टेकूनच असते. डागांची धग क्वचित कुणाला तिथवर पोचते, आठवड्यांनी भोक पडतं. तिथून हवा रक्तात शिरली, मेंदूत गेली. गिळताना दुखलं, ताप आला, तर त्याच दिवशी फोन करा, असा कागद दिला होता ना? लेकीने आईकडे पाहिलं.

ऑपरेशन झालं. शिंपी घरी आला नाही.

पंधरा दिवसांनी बायकोने टेबल आवरायला घेतलं. फ्रॉकच्या कापडावर कॉलरचा कागद टाचण्यांनी लावलेला होता. तिने तो उलटला. ‘गिळताना दुखल्यास, ताप आल्यास ताबडतोब’ एवढंच उरलं होतं, पुढचं कात्रीने गेलेलं. कड कशी सुबक, कुठे हात हलला नव्हता.

दारातून लेक म्हणाली, "बाबांनी साऱ्या गावाची मापं घेतली, स्वतःचा एक कागद वाचला नाही. सापडला का तो?"

तिने कागद पुन्हा सुलटा केला.

"त्यांना कशाला बोल लावतेस? माझ्याकडे दिला होता गं. मीच हरवला."

लेक आत गेली. आईने त्याच कडेने कॉलर कापली, मशीनवर बसली. पायडलवर पाय ठेवायला मात्र तिला फार वेळ लागला.