उलटा हात

ब्लाउजचं हुक, ताणून वाकडं झालेलं.

चाकणहून कांदे घेऊन आलेला ट्रक, पिंपरीच्या नाक्यावर पंक्चर.

पहिल्या शिफ्टचा भोंगा.

उसवून पुन्हा गुंडाळलेली पिवळी लोकर, टोपड्यापुरती.

चित्रा हुक दातांनी सरळ करत होती. ब्लाउज तिचा, काल संध्याकाळी तो घालून तिचा नवरा, नंदकिशोर, कंपनीच्या नाटकात आई झाला होता. मूल गेलेली आई. आधी शिट्ट्या पडल्या, मग त्याने डावा हात उलटा करून तोंडावर दाबला, खांदा भिंतीला घासत खाली बसला—आणि मांडव गप्प... तो हात माझा होता. मागच्या वर्षी, आमचं बाळ गेलं तेव्हा, दवाखान्याच्या भिंतीशी, माझा. हा समोर बाकावर होता. मला वाटलं, हाही रडतोय.

नळावर शेजारची सोजरबाई म्हणाली, "काय रडला गं तुझा मालक! आमी म्हनलं, चित्राच चढली जनू वर!"

बायका हसल्या. चित्राही हसली—चेहरा आपोआप हसतो.

दुपारी शिफ्ट सुटल्यावर नंदकिशोरबरोबर मारुतराव आले, नाटक बसवणारे. "आज स्पर्धेची अंतिम फेरी, अन् परीक्षक म्हणतात, बाईचं काम बाईनंच करावं. वहिनी, आज तुम्हीच उभ्या राहा की!"

"घरातली बाई आहे ती, राव," नंदकिशोर म्हणाला. "सगळं खातं तिला न्याहाळणार, उद्या कँटीनमध्ये तिच्यावर बोलणार. नाही चालायचं."

"अन् तुझ्यावर बोलतात ते?" मारुतराव म्हणाले.

"माझं काय! लुगडं सोडलं की पुरुष."

पण न्याहाळलं होतं की त्यांनी... आईलासुद्धा न दाखवलेलं ते सगळं, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, पानाच्या पिंका टाकत. याने लुगडं सोडलं. मी काय सोडू?

मारुतराव गेल्यावर तो आरशासमोर उभा राहिला. "आज रडणं जरा लांबवतो. खाली बसल्यावर काय केलं होतंस गं? दाखव ना."

तिचा हात उठला, अर्ध्यावर थांबला. आरशात तो हात त्याचाच दिसत होता.

"आठवत नाही," ती म्हणाली. आणि खरंच—ती मनानं पुन्हा त्या दवाखान्यात जाऊन पाहत होती: भिंत होती, फिनेलचा वास होता, भिंतीशी तिचा ब्लाउज घातलेला नंदकिशोर रडत होता, आणि ती बाकावर बसून, कोरड्या डोळ्यांनी, त्याचं काम बघत होती...

कन्याशाळेच्या गॅदरिंगमध्ये चित्राने एकदा मिशी लावून राजाचं काम केलं होतं; मिशी काढली, की राजा संपला होता.