मोसंबीच्या आळ्यातलं मीठ

वाटूरच्या रस्त्यानं गेलं की संपतचा बंगला लांबूनच दिसायचा, आणि संपतला तेच पाहिजे होतं. जालन्यात लोखंडाच्या धंद्यात पैसा झाला तसा त्यानं मळ्यात बंगला बांधला, पुढं पोहायचा हौद काढला. हौदही साधासुधा नाही, मिठाच्या पाण्याचा! पोत्यानं मीठ टाकायचं, मग मुंबईहून आणलेलं मशीन त्या मिठातूनच क्लोरीन काढणार. डोळे चुरचुरत नाहीत, अंगाला वास येत नाही, हे तो येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा.

त्याची आई दुर्गाबाई, तिला हौदाचं ना कौतुक ना राग. तिचा जीव मागच्या मोसंबीत. नवऱ्याबरोबर लावलेली बाग, तो गेल्यावर एकटीनं सांभाळलेली. एक सवय मात्र हाडात मुरलेली: पाणी वाया गेलेलं तिला बघवत नसे. भांड्यांचं पाणी केळीला, अंघोळीचं कढीपत्त्याला. आणि इथं हौदाचा फिल्टर धुतला की भसाभसा पाणी नालीत! तिनं कुणाला न विचारता पाइप जोडला आणि ते मोसंबीच्या पहिल्या ओळीला सोडलं.

उन्हाळा निम्मा झाला तशी त्या ओळीची पानं टोकांकडून करपली, मग गळाली. दुर्गाबाईनं आळं बघितलं तर मातीवर पांढरी पापडी. चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली. आपल्याच हातानं झाडांना मीठ पाजलं, हे कळलं तशी ती तिथंच बसून मोठ्यानं रडली. उठली ती मात्र भांडायच्या तयारीनंच.

“ते मीठ बंद कर,” ती संपतला म्हणाली.

“माय, तू पाइप काढ ना. जाऊ दे पाणी नालीत.”

“गावात प्यायला टँकर येऊन राह्यले, अन् मी पाणी नालीत सोडू?”

“मंग काय, एवढं मशीन फेकून देऊ?”

“ते मिठातनं क्लोरीनच काढतंय ना? मंग सरळ क्लोरीन आण की. गावच्या टाकीत टाकतेत, तसं. चार दिस उन्हात ठेवलं की ते उडून जातं. मीठ कुठं उडतं?”

संपत हसला. “झाडं म्हातारी झाली, माय. तसंबी तिथं लॉन करायचंय.”

हे त्यानं बोलायला नको होतं. बोअरचा स्टार्टर बागेत होता. दुर्गाबाईनं पेटीला कुलूप घातलं. घरात लागेल तेवढंच पाणी सोडायची, हौदाला थेंब नाही. हौदाचं पाणी उतरलं, फिल्टरची मोटार हवा ओढायला लागली. रविवारी धंद्यातले पाहुणे यायचे होते. सून बेबीनंदा समजवायला आली, “आई, लोक काय म्हणतील?”

“माझ्याकडं पाठव त्यांला.”

संपतनं टँकर बोलावला. चांदपाशा टँकर घेऊन आला आणि नळी सोडवतोय तोवर दुर्गाबाईनं ती हातातून घेतली, खांद्यावर टाकली आणि बागेकडे चालायला लागली.

“काकू, शेठनं हौदात म्हणलंय.”

“शेठ माझ्या पोटचा हाय. सोड आळ्यात, धुऊन निघू दे मीठ.”

चांदपाशानं हौदाच्या काठावर उभ्या संपतकडे बघितलं. परक्या माणसादेखत आईच्या हातची नळी ओढून घ्यायची संपतची छाती झाली नाही. सगळा टँकर पहिल्या ओळीत रिकामा झाला.

मग संपतनं हात टेकले. रविवारचे पाहुणे पुढं ढकलले, मशीन काढलं. खारं पाणी लांब मुरमाड माळावर नेऊन ओतलं, आणि हौद पावसाळ्यापर्यंत कोरडा राहिला. बाग वाचली. पहिली ओळ मात्र गेलीच.

श्रावणात हौद साध्या क्लोरीनवर भरला आणि ते पाहुणे आले. एकजण पाण्यात उतरला आणि नाक उडवून म्हणाला, “संपतशेठ, मिठाचं होतं ना? ह्याला तर क्लोरीनचा वास येतोय.”

“मशीन बिघडलं,” संपत म्हणाला.

दुर्गाबाई वाळलेली खोडं तोडत होती. तिनं कुऱ्हाड ठेवली आणि चिखलाच्या पायांनी तशीच फरशीवर आली. बेबीनंदा आडवी आली, तिला बाजूला सारलं.

“मशीन धड होतं,” ती पाहुण्यांना म्हणाली. “मीठ ह्याचं, पाजलं मी. आमी दोघांनी मिळून ओळ मारली.” मग संपतकडे वळली. “झाडं मेल्यावरबी त्यांच्या नावानं खोटं बोलतो? सांग कुणी बंद केलं.”

संपतनं फरशीवरच्या चिखलाकडे बघितलं. “मायनं,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं,” दुर्गाबाई म्हणाली.