काकडीचा आवाज

मी भाज्या चिरायची फळी बोलतेय. हसू नका. डब्यांचं, पातेल्यांचं कौतुक सगळे करतात. जिच्या पाठीवर सुरी चालते तिच्याकडे कोण बघतं? पण सहलीला जाऊन आलेली फळी माझ्याशिवाय दुसरी असली तर दाखवा, मग मी गप्प बसते.

माझा जन्म एका दाराच्या उरलेल्या तुकड्यातून झाला. सुतार मला शेकोटीत घालायला निघाला होता. तेवढ्यात शेजारची बाई म्हणाली, "अहो दादा, चांगलं लाकूड जाळताय कशाला? मला द्या की!" त्यानं कडा तासल्या, कोपऱ्यात भोक पाडलं आणि मी तिच्या ओट्यावरच्या खिळ्याला लटकले. तेव्हापासून मी तिचीच.

तिला सगळे मावशी म्हणतात. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती काजं-बटणं करते. घरी नवरा आणि कॉलेजात जाणारी लेक. आणि मावशीचा हात काय सांगू! सुरी अशी झरझर चालायची की मला गुदगुल्या व्हायच्या. कारखान्याच्या सहलीला तिचे तिखट बटाटे गेले नाहीत असं कधी झालं नाही. तिथले कापड बेतणारे कटिंग मास्तर तर डब्याचं झाकण उघडायच्या आधीच ताटली घेऊन उभे!

मग मावशीला ताप आला. उतरला, पण जाताना नाकाचा वास आणि जिभेची चव दोन्ही घेऊन गेला. "येईल हळूहळू, वाट बघा," डॉक्टर म्हणाले. महिने गेले, चव काही आली नाही. मावशी अंदाजानं मीठ घालत राहिली आणि अंदाज चुकत राहिला.

आता घरातली माणसं बघा. एकानंही तोंड उघडलं नाही. लेक म्हणायची, "मस्त झालंय, आई." नवरा म्हणायचा, "वा!" आणि जेवण अर्धं व्हायच्या आत पाण्याचा जग रिकामा. मी खिळ्यावरून सगळं बघत होते. माणसांच्या या प्रेमाला काय म्हणावं, मला कळेना.

एका दुपारी मावशीनं तो जग उचलून उलटा केला. थेंब पडला नाही.

"खारट झालंय ना?"

"छे गं, झकास आहे," नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मग दोघांना एवढी तहान कसली लागलीय?"

लेक ताटातला भात चिवडायला लागली.

"मी तुम्हाला जेवण वाढते आणि तुम्ही मला खोटं वाढता होय?" असं म्हणून ती ताटावरून उठलीच.

सहल जवळ आली होती. मावशीनं जाहीर करून टाकलं, "यंदा विकतची बिस्किटं नेणार. आणि सहल झाली की स्वयंपाकाचं तुमचं तुम्ही बघा. मी सुरीला हात लावणार नाही." माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण ही बाई घरी येऊन हात बांधून बसणार? ते तिला जमणारं नव्हतं. आतल्या आत झुरली असती.

दुसऱ्या दिवशी लेक ओट्याला टेकून काकडी खात होती. तिनं कर्रकन घास घेतला आणि मावशीची मान वळली.

"ताजी आहे."

"तुला कसं कळलं?"

"ऐकू आलं की!"

असं म्हणाली आणि स्वतःच थबकली. मग टोपलीतलं एक गाजर घेतलं, मला खाली उतरवलं आणि सुरी चालवली. आवाज दबका आला. "शिळं," म्हणत तिनं ते बाजूला सारलं. दुसरं घेतलं. खट्! खट्! तो आवाज माझ्या पाठीतून थेट तिच्या हातात गेला. अहाहा! फुशारकी वाटेल तुम्हाला, पण त्या दिवशी मी मावशीची जीभ झाले.

"बिस्किटं राहू देत," ती म्हणाली. "ताजं, कच्चं काहीतरी नेऊ."

लेकीला तेवढंच हवं होतं. तिनं रंगीत तालीम म्हणून काकडी-टोमॅटो चिरून, मीठ-लिंबू घालून डबा भरून ठेवला. सकाळी उघडला तर फोडी पाण्यात पोहतायत!

"हे सॅलड आहे की तलाव?" मावशी म्हणाली. "मीठ आधी घालायचंच नाही. चिरायचंही तिथंच. ही फळीच घे बरोबर."

मी? सहलीला? मला तर दाराचा जन्म हुकल्याचं दुःखच उरलं नाही.

सहलीच्या दिवशी नवरा आणि लेकही बरोबर आले. झाडाखाली चादर पसरली. ओल्या फडक्यात गुंडाळलेला पुदिना, उकडलेले हरभरे, मक्याचे दाणे, घट्ट दही, गाजरं, सफरचंदं, आणि वेगळ्या डब्यांत मीठ, मिरपूड, लिंबाच्या फोडी. मास्तर ताटली घेऊन हजर झाले आणि त्यांचा चेहराच पडला.

"मावशी, बटाटे कुठंयत? आम्ही काय ससे वाटलो तुम्हाला?"

सगळे खो खो हसले. नवरा सावरायला पुढे झाला, "अहो, तिची तब्येत जरा..." मावशीनं त्याला हातानंच थांबवलं.

"मास्तर, मला चव लागत नाही. तापात गेली ती गेलीच. किती मीठ घालावं ते कळत नाही, म्हणून मीठ तुमच्या हातात दिलंय. चिरणं माझं. खाऊन बघा आणि खरं सांगा. घरी मला कुणी खरं सांगत नाही."

हसणं थांबलं. नवऱ्यानं मान खाली घातली. मावशीनं काकडी चिरली, गाजर चिरलं, वर हरभरे, पुदिना, बाजूला दही. मास्तरांनी मीठ भुरभुरलं आणि सावकाश चावायला लागले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत.

"काकडी एक नंबर," ते म्हणाले. "गाजर गोड आहे. हरभऱ्यांत पुदिना झकास लागतोय. पण..."

"पण काय? बोला."

"दही आंबट आहे, मावशी. फार आंबट."

कुणीतरी मास्तरांना कोपर मारलं. मावशी मात्र खळखळून हसायला लागली. हसता हसता पदरानं डोळे पुसले.

"किती आंबट?"

"एक डोळा मिटतो इतकं!"

"मग गोड सफरचंद घालू त्यात. थांबा, आत्ता चिरते!"

आणि सुरी माझ्यावर धावली, अगदी पहिल्यासारखी झरझर. मास्तर चाखून सांगत होते, "अजून थोडं... अजून... आता जमलं!" मग जो तो वाटी पुढे करू लागला. घरी परतताना डब्यांत काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं रोजच्यासारखा स्वयंपाक केला. सुरीला हात न लावण्याचं कुणी नावही काढलं नाही. नवऱ्यानं पहिला घास घेतला, थांबला, लेकीकडे बघितलं, घसा खाकरला.

"खारट आहे गं."

"खूप?"

"खूप."

मावशीचा चेहरा काय फुलला! तिनं मला खिळ्यावरून काढलं, भराभरा काकडी चिरली आणि त्याच्या ताटात वाढली. "याच्याबरोबर खा. आणि उद्यापासून मीठ तुम्ही घालायचं."

मावशीची चव अजून आलेली नाही. माझ्या मधोमध खळगा पडलाय, एक कड फुटलीय. लेक म्हणते, प्लास्टिकची नवी घेऊ. मावशी म्हणते, "तिचा आवाज नाही गं निघत." त्या एका वाक्यावर मी अजून बरीच वर्षं काढेन.

माझं मागणं एवढंच आहे. जी माणसं तुम्हाला जीव लावून खाऊ घालतात त्यांना खरं सांगत जा हो. आमच्याकडे हल्ली जेवणं उरकतात तेव्हा पाण्याचा जग अर्धा भरलेला असतो.